खडीची भुकटी आणि हवेतला कार्बन

मराठवाड्यात घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीच्या शिवारात काळ्या मातीखाली लागतो तो बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याची झीज होऊनच ही माती बनली, आणि त्या झिजेत हवेतला कार्बन डायऑक्साइड अडकत गेला. पावसाच्या पाण्यात हा वायू विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. ते दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवतं आणि वायूचं बायकार्बोनेट होतं. ते नदीवाटे समुद्रात गेलं की हजारो वर्षं तिथेच राहतं.

दगड बारीक दळून शेतात पसरला तर हीच क्रिया खूप वेगाने होते. छत्तीसगड, मध्य प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांसोबत हे काम करणाऱ्या ‘माटी कार्बन’ला एप्रिल 2025 मध्ये हवेतला कार्बन काढून घेण्यासाठीच्या एक्सप्राइझ स्पर्धेचं 5 कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं.

मग तीर्थपुरीतही हे करावं का? नांगरटीत वर येणारा चुनखडीचा पांढरा खडा घ्या, त्यावर लिंबू पिळा. फसफसून निघतो तो कार्बन डायऑक्साइडच. अशा चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीत दगड सावकाश विरघळतो. शिवाय बायकार्बोनेटची जमिनीतच चुनखडी झाली, तर धरलेला निम्मा वायू परत सुटतो. दळणाचं, वाहतुकीचं डिझेल वेगळंच. माझ्या मते, आपल्याकडे या प्रयोगाची खरी जागा कोकणातली आम्लधर्मी, भरपूर पावसाची भातखाचरं आहेत.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी भुकटीवर पैसे घालण्याआधी माती परीक्षण करावं. मातीचा सामू (pH) 8 च्या वर असेल, तर तो खर्च टाळावा.