कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा: शुद्ध आल्यानंतरचे उपचार

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी आणि भोवतालच्या गावांत कार्बन मोनॉक्साइड या वायूशी गाठ पडते ती मुख्यतः दोन ठिकाणी: थंडीत दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीतील कोळशाच्या शेगडीजवळ, आणि पाणी खोल गेल्यावर विहिरीत उतरवून चालवलेल्या इंजिनाजवळ. न्हाणीघरातील गॅस गिझर आणि बंद जागेत चालणारा जनरेटर ही त्यात अलीकडे पडलेली भर होय. इंधनाला जळताना पुरेशी हवा मिळाली नाही, की रंग, वास आणि चव नसलेला हा वायू तयार होतो. त्यापासून होणाऱ्या विषबाधेच्या उपचारांविषयी ज्या समजुती रूढ आहेत, त्यांतील सर्वांत घातक समजूत रुग्ण शुद्धीवर आला म्हणजे संकट टळले, ही आहे.

धूर दिसला नाही म्हणजे वायू नव्हता, असे मानले जाते. परंतु धूर निघून गेलेल्या लालबुंद निखाऱ्यांतूनही तो भरपूर निघत राहतो. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी असल्यास उपयोगी पडते, कारण तेव्हा ज्योत विझते. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेत हजारात दोन-तीन भाग इतका असला तरी तासाभरात जीव घेऊ शकतो आणि तेवढ्याने ज्योतीला काहीही होत नाही. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने 1890च्या दशकात कोळशाच्या खाणींत दिव्याऐवजी लहान प्राणी-पक्षी नेण्याची शिफारस केली, ती याच कारणाने. विहिरीत कोसळलेल्या माणसामागोमाग दुसऱ्याने तसेच उतरणे म्हणजे आणखी एक बळी देणे ठरते; आधी इंजिन बंद करावे आणि प्रशिक्षित बचाव पथकाला बोलवावे.

रुग्णाला बाहेर काढल्यावर कांदा हुंगवणे, ताक किंवा लिंबूपाणी पाजणे असे उपाय केले जातात. या वायूवर त्यांचा कोणताही परिणाम होत नाही. शिवाय अर्धवट शुद्धीतील माणसाला काहीही पाजल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याला, प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मोकळी हवा मिळाली की तो आपोआप निघून जातो हे खरे असले, तरी साध्या हवेत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात आणि तेवढा वेळ मेंदू व हृदय उपाशीच राहतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम साधारण तास-सव्वा तासात होते. म्हणून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून प्राणवायू लवकरात लवकर सुरू करणे, हाच या विषबाधेवरील मुख्य उपचार आहे. तो नाकातल्या बारीक नळीने नव्हे, तर पिशवी जोडलेल्या घट्ट मुखवट्याने द्यावा लागतो आणि डोकेदुखी थांबली म्हणून मध्येच काढता येत नाही. गर्भवतीला तो अधिक काळ द्यावा लागतो, कारण गर्भाच्या रक्तातून हा वायू सावकाश बाहेर पडतो आणि आई सावरलेली दिसत असतानाही गर्भ धोक्यात असू शकतो.

कोविडच्या साथीपासून घरोघरी पोहोचलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे उघड फसवते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतील फरक त्याला ओळखता येत नाही, त्यामुळे गंभीर विषबाधेतही ते 98 हा आकडा दाखवू शकते. खरे प्रमाण कळण्यासाठी रक्ताची खास तपासणी लागते, आणि तीही उशिरा किंवा प्राणवायू दिल्यानंतर झाली तर आकडा कमी येतो. त्वचा लालभडक होणे हे पुस्तकांतून प्रसिद्ध असलेले लक्षण जिवंत रुग्णांत क्वचितच आढळते. अशा वेळी निदान बव्हंशी माहितीवर अवलंबून राहते: खोलीत शेगडी होती, विहिरीत इंजिन चालू होते, घरातल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागले. नातेवाइकांनी हे सांगितले नाही, तर उलटी आणि चक्कर यांवरून अन्नातून विषबाधा झाल्याचा तर्क सहज केला जातो.

बंद कक्षात वाढवलेल्या दाबाखाली प्राणवायू देण्याच्या उपचाराबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. त्याने रक्तातील वायू वीस-तीस मिनिटांत निम्म्यावर येतो, आणि 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 152 रुग्णांच्या अभ्यासात सहा आठवड्यांनंतर स्मृती-आकलनाचे दोष साध्या प्राणवायूच्या गटात 46 टक्के, तर या उपचाराच्या गटात 25 टक्के रुग्णांत आढळले. त्याआधी 1999 साली ऑस्ट्रेलियातील अभ्यासात मात्र लाभ दिसला नव्हता, त्यामुळे तज्ज्ञांत एकमत नाही. बेशुद्ध झालेल्या, हृदयाला इजा झालेल्या किंवा गर्भवती रुग्णासाठी डॉक्टर त्याचा विचार करतात; पण असे कक्ष मोठ्या शहरांतच असल्याने आष्टीसारख्या गावातील रुग्णासाठी जवळच्या रुग्णालयात ताबडतोब मिळालेला साधा प्राणवायू अधिक मोलाचा ठरतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत दुर्लक्षित आहे. रक्तातून वायू गेला तरी त्याने घडवलेली इजा उरते, कारण प्राणवायूच्या तुटवड्याबरोबरच पेशींमध्ये आणि मेंदूतील चेतातंतूंच्या आवरणात दाह सुरू झालेला असतो. त्यामुळे पूर्ण बरे वाटून घरी आलेला माणूस दोन दिवसांपासून सुमारे चाळीस दिवसांपर्यंत केव्हाही बदलू लागू शकतो: नुकतेच सांगितलेले विसरतो, हिशेबात चुकतो, चिडतो किंवा गप्प होतो, पाय घासत चालतो, कधी लघवीवरचा ताबाही जातो. मध्ये गेलेल्या चांगल्या दिवसांमुळे या बदलांचा संबंध त्या रात्रीच्या शेगडीशी कोणी जोडत नाही. मग वयाला, आळसाला किंवा बाहेरच्या बाधेला दोष दिला जातो आणि रुग्णाला उपचारांऐवजी बोलणी खावी लागतात. हा अन्याय केवळ माहितीअभावी होतो. यावर खात्रीचे औषध नसले, तरी व्यायामोपचार, स्मृतीचा सराव आणि घरच्यांचा धीर यांच्या आधारे बहुतेक रुग्ण काही महिन्यांत, क्वचित वर्षभरात, सावरतात. काहींत दोष कायम राहतात.

हृदयाचेही तसेच आहे. छातीत दुखले नाही म्हणजे हृदय सुरक्षित, हे गृहीत धरता येत नाही. म्हणून मध्यम किंवा गंभीर विषबाधेत हृदयाचा आलेख आणि हृदयस्नायूच्या इजेची रक्ततपासणी करतात. घरी सोडल्यावर पहिले काही आठवडे अंगमेहनत बेताची ठेवावी आणि विडी-सिगारेट टाळावी, कारण तिच्या धुरातूनही हाच वायू रक्तात जातो. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवायला डॉक्टरांच्या परवानगीनेच सुरुवात करावी. महिना-दीड महिन्याने होणाऱ्या फेरतपासणीला रुग्णासोबत घरातील एखाद्या माणसाने जाणे आवश्यक असते, कारण स्वतःच्या विसरण्याची तक्रार रुग्ण सहसा स्वतः करत नाही.