आढावा बैठकीत न विचारले जाणारे प्रश्न

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर, विद्यार्थ्याला फिल्डवर्कचं रेकॉर्डिंग लिहावं लागतं. वस्तीत कोण भेटलं, काय बोलणं झालं आणि ते ऐकताना स्वतःला काय वाटलं, हे सगळं त्यात येतं. मग 'आयसी', म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. वही समोर ठेवून पर्यवेक्षक मॅडम विचारतात, "त्या ताईंना तू लगेच तक्रार करायला सांगितलंस. त्यांनी सल्ला मागितला होता का?" विद्यार्थी गडबडतो, विचारात पडतो.

नोकरी लागली की हे बहुतेक ठिकाणी थांबतं. महिन्याच्या बैठकीत गृहभेटी किती, केस किती बंद झाल्या, अहवाल कधी देणार, एवढंच विचारलं जातं.

समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कडुशिन यांनी १९७६च्या पुस्तकात सुपरव्हिजनची, म्हणजे पर्यवेक्षणाची, तीन कामं सांगितली: प्रशासन, शिक्षण आणि आधार. आपल्याकडे त्यातलं पहिलं तेवढं उरलं आहे. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली आणखी एक गोष्ट मांडली. जाणता व्यावसायिक काम करतानाच विचार करतो आणि काम झाल्यावर मागे वळूनही पाहतो. चिंतनशील पर्यवेक्षण या मागे वळून पाहण्याला हक्काची वेळ आणि सोबत देतं.

समजा, एक समुपदेशक म्हणते, "ही बाई चौथ्यांदा नवऱ्याकडे परत गेली. आता माझ्याकडून होत नाही." आढावा घेणारा साहेब पुढची तारीख देईल. जाणती पर्यवेक्षक विचारेल: राग नेमका कुणाचा आला? ती परत जाते तेव्हा तुला काय हरल्यासारखं वाटतं? तिच्या जागेवरून पाहिलं तर घर सोडण्याची किंमत काय? बोलता बोलता समुपदेशकाच्या लक्षात येतं की गेल्या दोन भेटींत आपण त्या बाईला नीट ऐकलंच नव्हतं. हे वेळेवर कळलं, तर पाचव्यांदा मार खाल्ल्यावर ती बाई पुन्हा या दारात येऊ शकते. म्हणून चिंतनशील पर्यवेक्षणाच्या तासाला मी कर्मचारी कल्याणाचा कार्यक्रम मानत नाही. तो सेवेचाच भाग आहे.

तो नसला तर काय होतं, हे लंडनमध्ये दिसलं. आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबी फेब्रुवारी २००० मध्ये घरातल्या छळाने दगावली. सामाजिक कार्यकर्ते, पोलीस, डॉक्टर, सगळ्यांच्या नजरेखालून ती गेली होती. लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३च्या चौकशी अहवालाने व्हिक्टोरियाचं प्रकरण हाताळणाऱ्या कार्यकर्तीबरोबरच त्या कार्यकर्तीच्या कामावर नीट देखरेख न ठेवणाऱ्या वरिष्ठांनाही जबाबदार धरलं.

संस्थाचालकांना आणि निधी देणाऱ्यांना माझी विनंती आहे: प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्चासारखीच या तासाचीही तरतूद करा. आणि तिथे ऐकायला बसणारी व्यक्ती पगारवाढ ठरवणारी नसावी, नाहीतर खरं कुणीच बोलणार नाही.