हाडं दुखतात म्हणून कॅल्शियमची गोळी? आधी रक्त तपासा

वस्तीत आम्ही रक्तदाब तपासायला बसलो की कुणी ना कुणी ताई पिशवीतून कॅल्शियमच्या गोळ्या काढून दाखवते. कंबर दुखते, पाय ओढतात, म्हणून सुरू केलेल्या. बऱ्याच जणींना त्यांचा उपयोगही होतो. पण एका मावशींनी आम्हाला चांगलाच धडा दिला. त्यांना दोनदा मुतखडा झाला होता. सारखी तहान, पोट साफ नाही आणि हाडं ठणकत होती. आम्हीही आधी म्हणालो, कॅल्शियम कमी असेल. रक्त तपासलं तर ते वाढलेलं निघालं.

मावशींचा आजार पॅराथायरॉइडचा होता. गळ्यात थायरॉइडच्या मागे मसुरीच्या दाण्याएवढ्या साधारण चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतं आणि किडनीकडून ड जीवनसत्त्व कामाला येईल अशा रूपात तयार करून घेतं. हे ड जीवनसत्त्व आतड्याला जेवणातलं कॅल्शियम शोषायला लावतं. ते नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी 10 ते 15 टक्केच अंगी लागतं, पुरेसं असेल तर 30 ते 40 टक्के.

कॅल्शियम पुरेसं झालं की निरोगी ग्रंथी थांबते. पण तिच्यावर गाठ आली की ती थांबत नाही. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. तरी हाडं पोखरत जातात, आतडं गरजेपेक्षा जास्त शोषतं आणि जादा कॅल्शियम लघवीत उतरून खडे होतात. रक्तात भरपूर आणि हाडं रिकामी, असा हा आजार.

चूक डॉक्टरांकडूनही झालेली आहे. 1925 च्या सुमारास व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी ट्रामवर काम करणाऱ्या एका रुग्णाला ग्रंथी कमी पडते असं समजून आधी ग्रंथीचा अर्क दिला. गुण आला नाही. मग गळ्यातली गाठ काढली, तेव्हा तो सुधारला.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. घराला घर लागलेलं, गल्लीत ऊन उतरत नाही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ते फार कमी असेल तर आतडं कमी शोषतं आणि गाठ असूनही रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दिसू शकतं. आजार झाकला जातो, हाडं मात्र जास्तच झिजतात. याच्या उलटही घडतं. ग्रंथी चांगली असते, पण ड जीवनसत्त्व नसल्याने तिला जादा काम करावं लागतं. तिथे पीटीएच वाढलेलं आणि कॅल्शियम कमी किंवा नॉर्मल दिसतं. त्यावर ऑपरेशन नको, ड जीवनसत्त्व भरून काढावं लागतं.

म्हणून हाडं सतत दुखत असतील, थोड्या धक्क्याने हाड मोडलं असेल किंवा मुतखडा पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना विचारा : कॅल्शियम, पीटीएच आणि ड जीवनसत्त्व, तिन्ही तपासायचं का? किडनीची तपासणीही सोबत करून घ्या. कॅल्शियम वाढलेलं निघालं तर गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आपल्या मनाने घेऊ नका. पाणी भरपूर प्या. मात्र घाबरून दूध, नाचणी, पालेभाजी सोडू नका. खाण्यातलं कॅल्शियम तोडलं तर ग्रंथी आणखी जोर करते.

मावशींची गाठ काढली. ऑपरेशननंतर उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम भराभर ओढू लागली, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. गोळी तीच, पण या वेळी रक्त तपासून दिलेली.