एक तार थांबते, एक तार सरकते: संथ कंट्री गाण्यांतील पेडल स्टील गिटार



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हापासून आम्हाला दोन प्रश्न विचारले जात आहेत. पहिला सरळ आहे: पेडल स्टील गिटार म्हणजे नक्की कोणतं वाद्य? दुसरा जरा बोचरा आहे: अमेरिकेतलं कंट्री संगीत म्हणजे बरंचसं रडगाणं. त्यात तुम्ही संथ गाणी निवडलीत, आणि त्यातलंही सर्वांत रडवं वाद्य. हे जरा जास्तच होत नाही का?

दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे, म्हणून आम्ही तो टाळणार नाही. पण पहिल्याचं उत्तर नीट समजल्याशिवाय दुसऱ्याचं देता येत नाही. हा आवाज रडल्यासारखा का वाटतो याला एक यांत्रिक कारण आहे. आणि हातात, किंबहुना पायात, असं यंत्र असताना चांगला वादक स्वतःला कुठे आवरतो, हा रसिकतेचा प्रश्न आहे. दोन्ही क्रमाने पाहू.

ओळखीचा आवाज

या वाद्याच्या आधीच्या पिढीशी आपली जुनी ओळख आहे. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या धून हवाइयन गिटारवर वाजवलेल्या रेकॉर्डी अनेक घरांत होत्या. व्हॅन शिपले यांचं नाव इथे बऱ्याच जणांना आठवत असेल. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी याच गिटारवर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ची ध्वनिमुद्रिका तर सर्वश्रुत आहे.

गिटार आडवी ठेवायची, बोटांनी तारा न दाबता त्यांवर धातूचा गुळगुळीत बार सरकवायचा, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. तिचं श्रेय सर्वसाधारणपणे जोसेफ केकुकू या वादकाला दिलं जातं. तिथून ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेली आणि कंट्री संगीतात शिरली. हँक विल्यम्सचं १९५१चं 'कोल्ड, कोल्ड हार्ट' ऐकलंत तर डॉन हेल्म्सची स्टील वरच्या सप्तकात, गाणाऱ्याच्या आवाजाच्या डोक्यावरून जाताना ऐकू येते. तिला पेडल नाहीत. नुसता बार आणि हात.

आता अडचण पाहा. बार सरळ सरकवला की त्याखालच्या सगळ्या तारा एकदम सरकतात. म्हणजे मींड मिळते, पण सगळ्यांची मिळून एकच. बार तिरपा धरून थोडं इकडेतिकडे करता येतं, पण त्याला मर्यादा आहेत. एक स्वर जागेवर ठेवून त्याच्या शेजारच्या स्वराला तेवढं पुढे न्यायचं, हे साध्या बारने सहज जमत नाही. पेडलने ही अडचण सोडवली.

पायातली सरगम

आज नॅशव्हिलमध्ये प्रचलित असलेल्या पेडल स्टीलला दहा तारा असतात. वाद्य चार पायांवर टेबलासारखं उभं, वादक त्यामागे बसलेला. डाव्या हातात बार. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या. डाव्या पायाखाली बहुधा तीन पेडल. दोन्ही गुडघ्यांनी ढकलायचे चार-पाच लिव्हर. उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर. पट्टीवर पडदे असतात ते नुसत्या रेघा. तार त्यांना टेकत नाही. सूर कानानेच लावायचा. सतार-सरोद ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पेडल दाबलं की ठरावीक तारा ताणल्या जातात आणि त्यांचा स्वर वर चढतो. हे आपल्या भाषेत मांडू. समजा, बार एका जागी ठेवून आपण सा, ग आणि प या तीन तारा छेडल्या. सगळे शुद्ध स्वर. आता एक पेडल दाबलं, की प चढून ध होतो. शेजारचं दाबलं, की ग चढून म होतो. दोन्ही एकदम दाबली तर सा-ग-प चं सा-म-ध झालं. बार हलला नाही, सा हलला नाही, पण सगळी जमीन बदलली. पाश्चात्य भाषेत बोलायचं तर पहिल्या कॉर्डवरून आपण चौथ्या कॉर्डवर आलो. आणि उडी मारून नाही, सरकत आलो.

इथे गोम आहे. सा थांबलेला आहे आणि त्याच्या अंगाला घासत प हा ध कडे निघाला आहे. त्या वाटेवर क्षणभर दोघांमध्ये एक ताण येतो, मग तो सुटतो. गळा दाटून आलेला माणूस एक शब्द धरून दुसऱ्याकडे जाताना आवाजाचं जे होतं, त्याच्या जवळपास हे जातं. 'रडका' म्हणतात तो आवाज हाच.

त्यात उजव्या पायाची भर. छेडलेली तार हळूहळू विरते. पण वादक ती विरत असताना आवाजाचं पेडल उघडत नेतो. त्यामुळे आघात दबतो आणि आस लांबते. तार छेडल्यासारखी न वाटता गायल्यासारखी वाटते.

'स्लोली' आणि त्यानंतर

पेडल असलेली वाद्यं १९५०च्या आधीही होती. पॉल बिग्सबी या कारागिराने स्पीडी वेस्टसाठी तसं वाद्य १९४८ मध्ये बनवलं होतं. पण सर्वसाधारण कल्पना अशी, की पेडलने तारांची जुळणी बदलायची आणि मग वाजवायचं. बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. वेब पिअर्सचं 'स्लोली' हे ते गाणं. १९५४ मध्ये ते कंट्रीच्या यादीत १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाण्याचं नाव 'सावकाश' असलं तरी चाल तशी फार संथ नाही; पण स्वर सरकताना ऐकू येतो, आणि हे आता सगळ्यांनाच हवंसं झालं. अनेक वादकांनी आपापल्या वाद्यांना पेडल बसवून घेतली.

आयझॅक्सच्या एकाच पेडलने दोन्ही स्वर बरोबर चढत. पुढचं पाऊल बडी एमन्सचं. त्याने ते काम दोन पेडलांत विभागलं. वरवर बारीकसा बदल, पण त्याने भाव बदलला. आता फक्त प चा ध करता येतो आणि ग जागेवर राहतो: सा-ग-ध. हा उदास रंगाचा, मायनर कॉर्ड. एक पाय थोडा आधी, दुसरा थोडा उशिरा, एवढ्यावर वादक आनंद आणि खिन्नता यांच्या मधली वाट चालू शकतो. एमन्सचं संथ काम ऐकायचं तर रे प्राइसचं १९६३चं 'नाइट लाइफ' ऐका. ब्लूजच्या अंगाचं गाणं आहे, रात्री उशिराचं. स्टील तिथे रडत नाही, सुस्कारा टाकते.

आमची पहिली पसंती

आम्ही काही मित्र अधूनमधून एकत्र बसून ही गाणी ऐकतो. आवडत्या सोलोंची यादी करायची म्हटली की भांडणं होतात. पण एका गाण्यावर कोणी भांडत नाही: बक ओवेन्सचं १९६४चं 'टुगेदर अगेन', स्टीलवर टॉम ब्रमली.

(येथे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले.)

गाण्याचे शब्द कशाबद्दल आहेत? दुरावलेली दोन माणसं पुन्हा एकत्र आली, आता रडणं संपलं. म्हणजे शब्द सुखाचे. आणि तरी ऐकणाऱ्याच्या मनात उरतं ते दुःख. असं का होतं? एक तर चाल संथ आहे. दुसरं म्हणजे ब्रमली. तो मधल्या सोलोत चालीपासून फार लांब जात नाही. जलद ताना नाहीत, कसरत नाही. दोन-तीन तारा एकत्र, त्यातली एक धरलेली, एक सरकणारी. वाक्याच्या शेवटी स्वर सोडतानाही घाई नाही. गाणारा सांगतो, आता सगळं ठीक आहे. स्टील सांगते, हो, पण मधले दिवस कसे गेले ते मला ठाऊक आहे.

शब्द जे सांगत नाहीत ते सांगणं, हा आमच्या मते चांगल्या सोलोचा पहिला निकष. शब्द दुःखी आणि वाद्यही त्याच दुःखाची री ओढतंय, तर त्याला खरंच रडगाणं म्हणावं लागेल.

हे गाणं कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डच्या परंपरेतलं. त्या काळात नॅशव्हिलमधल्या अनेक ध्वनिमुद्रणांत व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस आला होता आणि स्टील मागे सरली होती. बेकर्सफिल्डवाल्यांनी ती पुढे ठेवली. तशी ती ठेवली नसती तर हा सोलो झालाच नसता.

तीन तासांतली कामगिरी

हे सोलो कोणत्या परिस्थितीत जन्मले तेही लक्षात घ्यायला हवं. नॅशव्हिलमधलं सेशन साधारण तीन तासांचं. तेवढ्यात तीन-चार गाणी उरकायची. वादकासमोर स्वरलिपी नाही. कागदावर एक, चार, पाच असे आकडे. मूळ स्वराला एक धरायचं आणि बाकीचे कॉर्ड त्यावरून मोजायचे. आपल्या सरगमसारखंच: सा कुठलाही धरा, नातं तेच. गायकाने पट्टी बदलली तरी कागद बदलत नाही. सोलो कसा वाजवायचा ते कागदावर नसतं. गाणं एक-दोनदा ऐकायचं आणि वाजवायचं.

आणि वाजवून झाल्यावर? एकेरी रेकॉर्डच्या लेबलवर गायकाचं नाव, गीतकाराचं नाव. वादकाचं नाव सहसा नाही. आपल्याकडच्या चित्रपटसंगीतातल्या वादकांची कहाणी ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. लोकांना तो तुकडा तोंडपाठ असतो, तो वाजवणारा माहीत नसतो. म्हणूनच आज आम्ही नावं आवर्जून घेत आहोत. टॅमी वायनेटच्या १९६८च्या 'स्टँड बाय युअर मॅन'मध्ये स्टीलवर पीट ड्रेक आहे. त्याच वर्षीच्या बर्ड्‌सच्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' या ध्वनिमुद्रिकेवर लॉइड ग्रीन आणि जेडी मॅनेस. नीट लक्ष दिलं तर प्रत्येकाचा हात वेगळा ओळखू येतो, जशी आपल्याला दोन सतारियांची मींड वेगळी ओळखू येते.

वरच्या टोकावर

दुसरी पसंती जॉन ह्यूई. कॉनवे ट्विटीच्या साथीला तो वर्षानुवर्षं होता. १९७०चं 'हॅलो डार्लिन'' त्याच काळातलं. ह्यूईची खासियत म्हणजे पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे रेघा जवळजवळ आलेल्या असतात आणि बार केसभर चुकला तरी बेसूर होतं, तिथे तो लांब स्वर धरतो. लोक त्याला 'रडणारी स्टील' म्हणत.

पण त्याचं आम्हाला सर्वांत आवडतं काम १९९१चं आहे: व्हिन्स गिलचं 'लुक अ‍ॅट अस'. गाणं सुरू होतं तेच स्टीलने. विषय ब्रेकअपचा नाही, मृत्यूचा नाही. एक जोडपं इतकी वर्षं एकत्र राहिलं, एवढंच. तोच रडणारा आवाज इथे कृतज्ञतेचा होतो. आवाज तोच, तंत्र तेच, अर्थ वेगळा. म्हणजे रडणं यंत्रात नाही. यंत्र फक्त दोन स्वरांमधली वाट मोकळी करून देतं. त्या वाटेने काय न्यायचं ते वादकाने ठरवायचं.

मग, रडगाणं का?

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. खोटं कशाला बोला, या वाद्यावर रडगाणं गाणं फार सोपं आहे. पेडल दाबलं की हुंदका तयार. प्रत्येक ओळीनंतर तो वाजवणारे वादक आहेत, आणि अशी गाणी आम्हीही अर्ध्यात बंद केली आहेत. संथ गाण्यात हा मोह वाढतो, कारण जागा भरपूर असते. जलद गाण्यात प पासून ध पर्यंतचा प्रवास कानाआड जातो. संथ गाण्यात त्याचा प्रत्येक पाऊलठसा ऐकू येतो. चांगला असेल तर चांगला, दिखाऊ असेल तर दिखाऊ. म्हणूनच वादकाची खरी परीक्षा संथ गाण्यात होते. विलंबित ख्यालाबद्दल आपण वेगळं काय म्हणतो?

तेव्हा घरी जाऊन ऐकाल तेव्हा एवढंच करा. पहिल्यांदा गाणं ऐका. दुसऱ्यांदा फक्त वादकाचा डावा पाय ऐका: कोणता स्वर थांबलाय आणि कोणता निघालाय. तिसऱ्यांदा वादक कुठे वाजवत नाही ते ऐका. ब्रमली आणि ह्यूई गाणाऱ्याच्या ओळीवर पाय देत नाहीत. ओळ संपण्याची वाट पाहतात.

वेळ संपत आली आहे. प्रश्नोत्तरांआधी 'लुक अ‍ॅट अस'ची सुरुवात आपण एकदा ऐकू. एक विनंती: स्टीलची शेवटची तार विरेपर्यंत टाळ्या नकोत. ती आस ऐकायलाच तर आपण आज जमलो आहोत.