आधी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यातला मोतीबिंदू

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळलेले भिंग काढून त्याच्याच पातळ पिशवीत कृत्रिम लेन्स बसवतात. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, त्या काळी भिंग काढून जाड चष्मा देत. नंबर चुकला तर काच बदलता येई. १९४९ मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली आणि नंबराचे गणित आधीच सोडवणे भाग पडले. त्यासाठी पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, वक्रता आणि डोळ्याची लांबी ही मुख्य मापे लागतात. डोळ्यावर आधी झालेली शस्त्रक्रिया नेमकी तीच बदलून ठेवते.

माण, खटाव, जत, आटपाडीच्या उन्हाधुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात मांस वाढून पारपटलावर चढते आणि त्याचा आकार बिघडवते. ते काढल्यावरही आकार काही आठवडे बदलत राहतो. माप स्थिरावण्याआधी लेन्स ठरवण्याची घाई महागात पडते.

चष्मा घालवण्यासाठी लेझर केलेला डोळा अधिक फसवा. मायनस नंबर काढताना पारपटलाची पुढची बाजू सपाट होते, मागची तशीच राहते. नेहमीचे यंत्र मात्र पुढच्या बाजूवरूनच मागच्या बाजूचा अंदाज बांधते. अशा डोळ्यात त्यामुळे पारपटलाची ताकद जास्त धरली जाते, लेन्स कमी ताकदीची निघते आणि रुग्णाला नको असलेला प्लस नंबर येतो. अशा डोळ्यांसाठी वेगळी सूत्रे आहेत, पण लेझर झाल्याचे डॉक्टरांना ठाऊक हवे.

उसाची पात लागून जखम चिघळली, की कधी पारपटल बदलावे लागते. बसवलेल्या पारपटलाच्या आतल्या थरातल्या पेशी मुळात कमी असतात आणि पुन्हा वाढत नाहीत. मोतीबिंदू काढताना त्या आणखी घटल्या तर ते पांढुरके पडते. काचबिंदूसाठी केलेला निचऱ्याचा मार्गही मोतीबिंदू काढल्यानंतरच्या सुजेने बुजू शकतो.

सर्वांत कसोटी लागते ती पडदा सरकल्यावर आतला जेलीसारखा द्रव काढलेल्या डोळ्यात. पन्नाशीनंतर अशा बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो. पिशवीचा मागचा आधार गेल्याने ती शस्त्रक्रियेत खालीवर होते, फाटण्याचा धोका वाढतो. सिलिकॉन तेल भरले असेल तर त्यातून लांबी मोजणाऱ्या ध्वनिलहरी सेकंदाला सुमारे ९८० मीटरच जातात, मूळ द्रवातून १५३२. हिशेब सुधारला नाही तर डोळा खऱ्याहून लांब भरतो.

जुने कार्ड हरवले तरी आधीची शस्त्रक्रिया तपासणीच्या वेळी सांगावी. लेझर झालेला डोळा बाहेरून साधाच दिसतो.