फलंदाजाचा निर्णय : नजर, अंदाज आणि कृती

वेळेचे गणित
ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. टप्पा पडल्यावर चेंडू अनपेक्षित वळला, तर त्यानुसार फटका बदलायला व्यावसायिक फलंदाजांनाही सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, असे पीटर मॅकलिऑड यांनी १९८७ मध्ये दाखवले. निष्णात खेळाडूची प्रतिक्रिया मुळातच जलद असते, या समजाला त्यामुळे आधार उरत नाही. तो सरस ठरतो पूर्वानुमानात.

पूर्वसूचनांचे वाचन
हे पूर्वानुमान तपासण्यासाठी गोलंदाजीचे चित्रण नेमक्या क्षणी तोडतात आणि पुढे काय होईल, ते विचारतात. ब्रूस ॲबरनेथी व सहकाऱ्यांच्या अशा प्रयोगांत कुशल फलंदाजांना चेंडू सुटण्यापूर्वीच गोलंदाजाच्या हात-मनगटाच्या हालचालींतून चेंडूचा प्रकार ओळखता आला. नवख्यांना या खुणा फारशा उपयोगी पडल्या नाहीत.

नजरेचा मार्ग
‘चेंडूवरची नजर हटवू नकोस’ हा मैदानावरचा नेहमीचा सल्ला. मात्र मायकेल लँड आणि मॅकलिऑड यांच्या २००० सालच्या नोंदींत फलंदाजाची नजर चेंडू सुटताना त्यावर होती, मग ती चेंडूला मागे टाकून टप्प्याच्या अपेक्षित जागी झेपावली. ही झेप सरस फलंदाज लवकर घेतो. म्हणजे पाहण्यातच अंदाज सामावलेला असतो.

कृतीशी जोड
अलीकडच्या संशोधनाचा सर्वांत मोलाचा धागा इथे आहे. डेव्हिड मान, ॲबरनेथी आणि डॅमियन फॅरो यांनी २०१० मध्ये प्रत्यक्ष गोलंदाजीसमोर, नेमक्या क्षणी दृष्टी अडवणारा चष्मा घालून फलंदाजांची चाचणी घेतली. उत्तर तोंडी देताना कुशल फलंदाजांची अचूकता कमी होती. शरीर हलवून, बॅट फिरवून प्रतिसाद देताना ती वाढली. पडद्यासमोर बसवून घेतलेली चाचणी खेळाडूच्या कौशल्याचे अपुरे माप देते, ते यामुळेच. केवळ चित्रफिती दाखवून शिकवण्याची मर्यादाही हीच. जेम्स गिब्सन यांच्या परिसरनिष्ठ दृष्टिकोनातून आकलन आणि कृती वेगळी काढता येत नाहीत. त्यावर आधारलेल्या सरावात म्हणूनच खऱ्या खेळाची परिस्थिती जपतात.

अन्य खेळ
फलंदाजीचे निष्कर्ष जसेच्या तसे सर्वत्र लागू होत नाहीत. कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात, समोर सातपर्यंत बचावपटू असतात आणि चढाईपटूच्या प्रत्येक पावलाबरोबर त्यांची साखळी जागा बदलते. तिथे निर्णय एका क्षणात पुरा होत नाही. तो प्रतिस्पर्ध्याच्या उत्तरासोबत पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.