आभासी वस्तूला आधार कशाचा?

आपल्याच दिवाणखान्यात, विकत घेण्यापूर्वी, एखादी आरामखुर्ची मांडून पाहावी, मोबाइलच्या पडद्यातून तिच्याभोवती फेरी मारावी, आणि तरीही ती जागची तसूभर हलू नये, अशी सोय स्वीडनच्या ‘आयकिया’ कंपनीने २०१७ साली आपल्या गिऱ्हाइकांना करून दिली, तेव्हा ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजेच संवर्धित वास्तव, हा प्रकार सामान्य माणसाच्या घरात येऊन पोहोचला. पाहणाऱ्याला खुर्चीच्या चित्राचे कौतुक वाटते. परंतु खरे कौशल्य ते चित्र जागच्या जागी खिळवून ठेवण्यात आहे. कॅमेरा अवकाशात कोठे आहे हे सांगणाऱ्या तीन, आणि तो कोणत्या दिशेला किती वळला आहे हे सांगणाऱ्या तीन, अशा सहा राशी यंत्राला दर सेकंदास तीसेक वेळा नव्याने ठरवाव्या लागतात, आणि त्यांत जराशी चूक झाली की खुर्ची जमिनीवरून सरकू तरी लागते किंवा हवेत तरंगू तरी लागते. या उद्योगाला ट्रॅकिंग म्हणतात. त्याच्या पद्धती अनेक असून त्यांतील कोणती पत्करावी, याचा निर्णय आभासी वस्तू कशाच्या आधाराने उभी राहणार आहे या एका प्रश्नावर अवलंबून असतो.

ही अडचण या विद्येच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर घालावयाचे दर्शनयंत्र जगापुढे मांडले, तेव्हा पाहणाऱ्याची मान कोठे वळली हे मोजण्यासाठी छतापासून लोंबणारा एक यांत्रिक दांडा त्याला जोडलेला होता; मापन मिळे खरे, पण पाहणारा त्या दांड्याच्या कैदेत राही. पुढे १९९७ साली रोनाल्ड अझुमा यांनी या विषयाचा जो आढावा घेतला, त्यात खरे व आभासी यांचा मिलाफ, तत्काळ प्रतिसाद आणि त्रिमितीत दोहोंची नेमकी जुळणी ही तीन लक्षणे सांगितली. त्यांतील तिसरे लक्षण सर्वस्वी ट्रॅकिंगच्या भरवशावर असते.

दांड्याचे काम कागदाकडून करून घेण्याची युक्ती हिरोकाझू काटो आणि मार्क बिलिंगहर्स्ट यांच्या ‘एआरटूलकिट’ने १९९९ साली रूढ केली. जाड काळ्या किनारीचा एक चौकोन कागदावर छापावयाचा. तो तिरपा दिसला म्हणजे त्याच्या बाजू लांब-आखूड होतात, आणि त्याचे चार कोपरे चित्रात कोठे पडले यावरून, चौकोनाचे खरे माप आधीच ठाऊक असल्याने, कॅमेऱ्याचे अंतर व कोन यांचे गणित सुटते. चौकोन चारही बाजूंनी सारखाच असतो, म्हणून वरची बाजू ओळखण्यासाठी त्याच्या पोटात एखादी असमान आकृती घालावी लागते. ही पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे. मात्र एखाद्याचे बोट त्या किनारीवर आले की आभासी वस्तू क्षणात अदृश्य होण्याची भीती असते.

चौकोन ज्यांच्या डोळ्यांना खुपतो त्यांच्यासाठी पुस्तकाचे मुखपृष्ठ, भित्तिपत्रक किंवा खोक्यावरचे चित्र हीच खूण मानण्याची पद्धत आहे. येथे यंत्र चित्रातील शेकडो बारीक कोपरे व ठिपके टिपून ठेवते आणि कॅमेऱ्यात तेच पुन्हा शोधते. म्हणून तपशिलांनी भरलेले, खडबडीत पोताचे चित्र या पद्धतीला मानवते; सपाट रंग, पुनःपुन्हा येणारी नक्षी आणि चकचकीत कागदावर पडणारी दिव्याची तिरीप यांनी ती गोंधळते.

खूण मुळीच नको असेल, तर सभोवतालचीच ओळख करून घ्यावी लागते. ॲपलचे ‘एआरकिट’ आणि गुगलचे ‘एआरकोअर’ ही साधने २०१७ साली जाहीर झाली. ती कॅमेऱ्याला दिसणारे ठळक बिंदू आणि फोनमधील गतिमापकांची नोंद यांची सांगड घालून चालता चालता खोलीचा नकाशा तयार करतात. गतिमापक एकटे असते, तर अंधारात पावले मोजत चालणाऱ्या माणसाप्रमाणे त्यांची चूक साचत गेली असती. कॅमेरा ती वेळोवेळी दुरुस्त करतो. परंतु समोर कोरी पांढरी भिंत आली, उजेड कमी झाला किंवा माणसांची ये-जा वाढली, की दुरुस्तीलाच आधार उरत नाही.

मोकळ्या मैदानात उपग्रहांवर आधारलेले जीपीएस आणि होकायंत्र हाताशी असतात. २०१६ च्या ‘पोकेमॉन गो’ खेळाने लक्षावधी लोकांना रस्त्यावर आणले ते यांच्याच बळावर. तथापि येथे एक हिशेब विसरता कामा नये. उघड्या आकाशाखालीही फोनच्या जीपीएसमध्ये पाचेक मीटरची चूक संभवते. पाचशे मीटरवरच्या बुरुजाचे नाव दाखविताना ती चूक अर्ध्या अंशाच्या आसपास येते आणि खपून जाते. पण पाच पावलांवरच्या खांबावर कमान बसवू म्हटले, तर कमान दुसऱ्याच खांबावर जाऊन बसते. दिशेचा प्रकार उलटा आहे: होकायंत्र एका अंशाने चुकले, तर शंभर मीटरवरची वस्तू सुमारे पावणेदोन मीटर सरकते, आणि जवळ लोखंड असल्यास ही चूक कितीतरी वाढते. गुगल मॅप्सने २०१९ साली कॅमेऱ्यातील दृश्य रस्त्यांच्या साठविलेल्या छायाचित्रांशी ताडून दिशा दाखविण्याची सोय विस्तृत प्रमाणावर खुली केली, ती याच उणिवेवरचा इलाज होय.

आता एक प्रत्यक्ष दाखला घेऊ. समजा, वेरूळच्या कैलास लेण्यात मूळच्या रंगांचा आभास दाखवावयाचा आहे. संरक्षित स्मारकाच्या कोरीव भिंतीवर कागद चिकटविण्याची परवानगी मिळावयाची नाही. तीन बाजूंनी उंच कडे असल्याने उपग्रहांचे संदेश अडखळणार. आणि जोत्यावरची हत्तींची रांग एकसारखी असल्याने निव्वळ कॅमेऱ्यालाही नेमका हत्ती कोणता हे चटकन उमगणार नाही. अशा वेळी एकाच पद्धतीचा हट्ट धरू नये. प्रवेशाजवळच्या माहितीफलकावरून आरंभस्थान मुक्रर करावे, तेथून पुढे कॅमेरा व गतिमापक यांच्या हवाली काम करावे, आणि वाटेत आणखी एखाद्या फलकावर साचलेली चूक निवारावी. हीच मिश्र तजवीज येथे रास्त ठरेल. याउलट मुलांच्या पुस्तकातील हत्ती पानावर उभा करावयाचा असेल, तर एवढा खटाटोप केवळ उधळपट्टी होईल. पानावरचे चित्र पुरे.

साधनांच्या जाहिराती निर्वेध उजेडात आणि महागड्या फोनवर काढलेल्या असतात, प्रेक्षक मात्र जुना फोन घेऊन मावळतीच्या वेळी गर्दीत येतो. म्हणून पसंतीवर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी तसाच फोन घेऊन, तशाच वेळी, त्याच जागेवर चाचणी घ्यावी, आणि तेथे जी पद्धत टिकेल ती, मग ती कितीही जुनी वा साधी असो, बेलाशक स्वीकारावी.